चौघीही हरल्या

मी बारा वर्षांच्या मुलांना पैशांची शाब्दिक उदाहरणं सोडवायला शिकवतो. सुलेमानकडे व्हेरॉनिकाच्या तिप्पट पैसे होते. त्यानं तिला बारा डॉलर दिले. मग तिनं जवळच्या निम्म्या पैशांचे स्टिकर घेतले. आता तिच्याकडे अमुक उरले, तर सुरुवातीला सुलेमानकडे किती होते? असली. ह्या लोकांवर माझं पोट चालतं, पण त्यांचा स्वभाव मला अजून कळलेला नाही. तुझ्याकडे किती आहेत रे बाबा, असं विचारलं तर त्यातला एकही सरळ आकडा सांगणार नाही. 'बहिणीच्या दुपटीहून चार कमी' म्हणेल. आणि काही कारण नसताना हे लोक एकमेकांना पैसे देत सुटतात. एकानं जरी खिशात हात घालून पैसे मोजले असते, तरी माझी नोकरी गेली असती.

ते मोजत नाहीत म्हणून आम्हाला पट्ट्या काढाव्या लागतात. आमच्या सिंगापुरात ही पट्ट्यांची रीत मुलांना दूध सुटायच्या आत शिकवतात, असा बाहेर समज आहे. तो खोटा आहे. दूध सुटल्यावर शिकवतात. रीत सोपी आहे. आधी उदाहरण वाचायचं आणि स्वतःला विचारायचं, ह्या गोष्टीत कोण कोण आहे? काय बदललं? आणि काय बदललं नाही? मग प्रत्येक माणसाची एक आडवी पट्टी काढायची, ज्याचे पैसे जास्त त्याची पट्टी लांब. पट्ट्या नीट निघाल्या की उत्तर आपणहून बाहेर येतं, बिळात पाणी ओतल्यावर उंदीर येतो तसं. मुलं घाई करतात आणि 'काय बदललं नाही' हा प्रश्न गाळतात. मग उंदीर येत नाही, नुसता चिखल होतो.

हे सगळं मी आत्याच्या घरी सांगेन असं मला कधी वाटलं नव्हतं. आत्याच्या घरी मी खायला जातो.

चिनी नववर्षाचा पंधरवडा चालू होता, शिकवणी बंद होती. मी रिवाजाप्रमाणे दोन संत्री घेऊन तोआ पायोला आत्याकडे गेलो. त्या वर्षी मला सगळीकडे जरा जास्तच प्रेमानं वागवत होते. त्याचं कारण असं की आमच्याकडे आधी दोघांच्या नावानं सरकारी घरासाठी अर्ज करतात आणि मग लग्न करतात. आमच्या अर्जाचा नंबर लागला, आणि त्याच आठवड्यात हुई मिननं मला सोडलं. एकट्या पोराला ते घर मिळत नाही, म्हणून घरही गेलं. हे दोन पायऱ्यांचं उदाहरण आहे आणि त्याचं उत्तर शून्य येतं. नातेवाइकांना हे कळल्यापासून ते मला शुभशकुनाची लाल पाकिटं नेहमीपेक्षा जास्त देत होते. लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना द्यायची पाकिटं ती. माझे खिसे गालगुंड झाल्यासारखे सुजलेले असायचे.

आत्याच्या बैठकीत माहजोंग ह्या सोंगट्यांच्या खेळाचं टेबल मांडलेलं होतं आणि नेहमीच्या चौघी बसल्या होत्या. आत्या. तिच्या उजवीकडे रोझलिंड आंटी, जन्मभर बँकेच्या खिडकीत बसून पैसे मोजलेल्या. समोर सरोजा आंटी, तमिळ, पण हॉकिएन भाषेतल्या शिव्या माझ्याहून शुद्ध देणाऱ्या. आणि पो गेओक आंटी, दोन मजले खाली राहणाऱ्या, गुडघा कामातून गेलेला, नवरा देवाघरी आणि मुलगा पर्थला. आत्याच्या मते पर्थ जास्त लांब, कारण तिथून फोन येत नाही, आणि नवरा निदान स्वप्नात येतो. आठवड्यातून दोन दुपारी ह्या टेबलाशी बसायचं, बाकीचे दिवस टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईशी बोलायचं, असं पो गेओक आंटींचं आयुष्य होतं. हवामानवाली उत्तर देत नाही अशी त्यांची तक्रार होती.

दुपारभर खेळ झाला. मी अननसाचे टार्ट खाल्ले. मधे खाली सिंहनाच आला, कापडी सिंहाच्या पोटात माणसं शिरून नाचतात तो, ढोल-झांजा वाजायला लागल्या, तेव्हा तिघी जणी गॅलरीत पळाल्या आणि परत येऊन बसल्या. शेवटी खेळ संपला आणि हिशेब सुरू झाला.

"हरले बाई," आत्या म्हणाली.

"तू कसली हरतेस, हुआ? मी तुझ्याहून जास्त हरले," रोझलिंड आंटी म्हणाल्या.

"मीपण हरले. पण ह्या रोझीइतकी नाही, देवाची कृपा," सरोजा आंटी म्हणाल्या.

"मी थोडीच हरले," पो गेओक आंटी म्हणाल्या.

मी तोंडातला टार्ट गिळला. "मग जिंकलं कोण?"

ह्या टेबलावर जिंकणारीनं पुढच्या खेपेचं खाणं आणायचं असा नियम आहे, त्यामुळे जिंकल्याचं कबूल करणारी बाई मी तरी बघितलेली नाही. पण निदान एकीचा चेहरा तरी लबाड दिसतो. आज चौघींचेही चेहरे खरोखर दुःखी होते.

"खण उघडा," आत्या म्हणाली.

टेबलाला चारी बाजूंनी एकेक छोटा खण आहे. सुरुवातीला प्रत्येकीनं त्यात साठ डॉलर ठेवायचे, सगळ्या दोन-दोनच्या नोटा, चौघड्या घालून. आणि खेळ संपेपर्यंत त्यातली नोट टेबलाबाहेर जाता कामा नये. पैशामागोमाग नशीब जातं म्हणतात. खण उघडले. खरंच चौघींचेही साठापेक्षा कमी होते.

मला खरं तर काळजी वाटायला हवी होती. पण मला मुलांच्या वहीत नवीनच प्रकारची चूक दिसल्यावर वाटतं तसं वाटलं. चौघी आपापसात खेळतात आणि चौघीही हरतात! हे उदाहरण मी परीक्षेत घातलं असतं तर पालकांनी मोर्चा काढला असता.

"बँकेत एक डॉलर कमी भरला तरी आम्हाला घरी सोडत नसत," रोझलिंड आंटी सावकाश म्हणाल्या. त्या सावकाश बोलायला लागल्या की वाईट लक्षण. "सिंह आला तेव्हा आपण तिघी गॅलरीत होतो ना? टेबलाशी कोण होतं?"

टेबलाशी पो गेओक आंटी होत्या. त्यांच्या गुडघ्याला सिंह झेपत नाही.

"रोझी," आत्या म्हणाली.

"मी कुठं काय म्हणाले? मी फक्त विचारलं कोण होतं. आणि सगळ्यांत कमी कोण हरलंय, हेही फक्त विचारतेय."

पो गेओक आंटींनी चष्मा काढून डबीत ठेवला. डबी पिशवीत ठेवली. "पुढच्या खेपेपासून तिघींचा एखादा खेळ शोधा," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

तिघींचा माहजोंग म्हणजे तीन चाकांची बस. पण कुणीही 'अगं बस गं' म्हणालं नाही, आत्यासुद्धा नाही. ते मला विचित्र वाटलं. आत्या तर दारावर आलेल्या झुरळालाही बस म्हणेल. तीही खणाकडे बघत बसली होती, सरोजा आंटी पंख्याकडे बघत होत्या. पो गेओक आंटी दाराबाहेर जाऊन स्टुलावर बसल्या आणि बूट घालायला लागल्या. तो गुडघा वाकवून बूट चढवायला त्यांना चहा उकळून होईल एवढा वेळ लागतो.

तेवढ्यात आत्याची नजर माझ्यावर पडली. "ए आ रोंग! लोक तुला तासाचे पैसे देतात ना? असलीच गणितं शिकवतोस ना?"

"असलीच म्हणजे, जरा..."

"मग तिचा दुसरा बूट चढायच्या आत सोडव! ती गेली तर परत येणार नाही. मला माहीत आहे ती."

मी हात पुसून उभा राहिलो. "बरं. ह्या गोष्टीत कोण कोण आहे?"

"आंधळा आहेस? आम्ही," रोझलिंड आंटी म्हणाल्या.

"काय बदललं?"

"सगळ्यांचे पैसे कमी झाले."

"आणि काय बदललं नाही?"

"रोझीचा स्वभाव," सरोजा आंटी म्हणाल्या.

"विद्यार्थ्यांनो, हसू नका. एक हरली की तिचे पैसे दुसरीच्या खणात जातात. इकडचे तिकडे होतील, पण चौघींचे मिळून तेवढेच राहायला हवेत. सुरुवातीला चौघींचे मिळून किती? दोनशे चाळीस. म्हणजे आत्ताही दोनशे चाळीसच हवेत. हे बदलत नाही."

"हे आम्हाला माहीत नाही होय? पट्ट्या काढ तुझ्या," आत्या म्हणाली.

पट्ट्या काढायला कागद नव्हता. पण समोर दीडशेच्या आसपास सोंगट्या पडल्या होत्या. मी म्हणालो, एक सोंगटी म्हणजे दोन डॉलर. प्रत्येकीचे साठ, म्हणजे प्रत्येकीच्या तीस सोंगट्या, अशा चार ओळी लावा. सगळ्यांनी भराभर लावल्या. सोंगट्यांची तोंडं खाली ठेवायला लावली, कारण वर ठेवली तर सरोजा आंटींचा हात आपोआप जोड्या जमवायला लागतो. चार सारख्या हिरव्या पट्ट्या. इतक्या सुबक पट्ट्या माझ्या मुलांनी कधी काढल्या नाहीत.

"आता जिच्या तिच्या खणात किती आहेत ते सांगा. तेवढ्याच सोंगट्या ओळीत ठेवू."

"सरळ आकडा सांगू?" आत्या दचकली. "भरल्या पंधरवड्यात?"

"मग कसा सांगणार?"

"माझ्याकडे रोझीपेक्षा चार जास्त."

"माझ्याकडे हुआपेक्षा आठ जास्त," सरोजा आंटी म्हणाल्या.

मी डोळे मिटले. सहा वर्षं मला वाटत होतं की सुलेमान आणि व्हेरॉनिका कुणीतरी कचेरीत बसून रचतो. ते तोआ पायोला राहतात.

"आणि माझ्याकडे सरोजापेक्षा सहा जास्त," दाराबाहेरून आवाज आला. एक बूट चढला होता. "मोजून घ्या. पुन्हा मी गेल्यावर काही निघायला नको."

रोझलिंड आंटींनी मात्र बँकवाल्यांसारखा आकडा दिला. "चाळीस."

म्हणजे त्यांच्या वीस सोंगट्या. आत्याच्या त्याहून दोन जास्त, बावीस. सरोजा आंटींच्या चार आणखी, सव्वीस. पो गेओक आंटींच्या तीन आणखी, एकोणतीस. जास्तीच्या मी प्रत्येक ओळीतून काढून मधे सरकवल्या. मधे छोटा ढीग झाला. आत्यानं मोजला, मग रोझलिंड आंटींनी आत्याचं मोजणं मोजलं.

"तेवीस सोंगट्या. शेहेचाळीस डॉलर," त्या म्हणाल्या. "झालं? एवढं बोटांवर पण आलं असतं."

पण मी त्या ढिगाकडे बघत होतो. मुलं एक चूक हमखास करतात. व्हेरॉनिकानं स्टिकर घेतले असं लिहिलेलं असतं. पैसे गेले कुठं? दुकानदाराकडे. पण दुकानदाराचं नाव उदाहरणात नसतं, म्हणून त्याची पट्टी कुणी काढत नाही, आणि मग पैसे हवेत विरले असं धरून मुलं पुढं जातात. पैसे हवेत विरत नाहीत. नाव नसलेल्या माणसाकडे जातात.

"आंटी," मी म्हणालो, "ह्या गोष्टीत पाचवं माणूस आहे."

मग तिघींनीही हळूच भिंतीवरच्या देव्हाऱ्याकडे बघितलं. तिथं आजोबांचा फोटो होता.

"छे," आत्या म्हणाली. "बाबांना हवे असते तर त्यांनी मागितले असते. मागं मागितले तेव्हा त्यांना पोचावेत म्हणून मी कागदाचे जाळले की गठ्ठाभर. वर कागदाचंच घर, गाडी, हातातला फोनपण जाळला."

"चार्जर?" सरोजा आंटींनी विचारलं.

आत्याचा चेहरा पडला.

"जिवंत माणूस," मी म्हणालो. "ह्या टेबलावरून कुणाच्या हातून पैसे बाहेर गेले का?"

"नाही!" तिघी एका सुरात म्हणाल्या.

वर्गात तीन मुलांनी एकदम तेच उत्तर दिलं तर मी समजतो, एकतर तिघांना येतंय किंवा तिघांनी एकाच ठिकाणाहून उतरवलंय. "कुणी काही विकत घेतलं?"

"नाही."

"कुणाला उसने?"

"ह्या दिवसांत उसने? थुंक आधी!"

"मग नुसतेच कुणाला दिले?"

आत्या पंख्याकडे बघायला लागली. सरोजा आंटी पंख्याकडेच बघत होत्या, त्यांनी थोडी जागा करून दिली. रोझलिंड आंटी नखं बघत होत्या.

"मी दिले," दाराबाहेरून पो गेओक आंटी म्हणाल्या.

"ऐकलंत?" रोझलिंड आंटींनी टेबलावर हात आपटला. चार सोंगट्या खाली पडल्या.

"खणातले नाहीत. माझ्या पर्समधले. दहा." त्यांनी दाराच्या लोखंडी जाळीतून बोट आत घातलं आणि ते माझ्यावर रोखलं. "ह्याला. पोरगी गेली, घर गेलं, आणि हा बसून टार्ट खातोय, बघवेना मला. म्हटलं, एक पाकीट जास्त देऊ. तुम्ही सिंह बघत होतात तेव्हा दिलं. तुमच्यासमोर दिलं असतं तर पोराला आणखी लाज."

"तूही?" रोझलिंड आंटी म्हणाल्या.

म्हणून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण तो 'ही' बाहेर पडला होता. आयुष्यात मी पुष्कळ मोठमोठ्या संख्या बघितल्या आहेत, पण त्या एका अक्षराएवढं वजन कुठल्याही आकड्यात बघितलेलं नाही.

"'ही' म्हणजे?" आत्यानं विचारलं. "'ही' म्हणजे काय गं, रोझी? तू कधी दिलंस?"

"तू चहा टाकायला गेलीस तेव्हा. पर्स आतल्या खोलीत होती. गुडघ्यावर खण होता. उठा कुठं! आणि तू कशाला 'कधी दिलंस' विचारतेस? तू नाही दिलंस?"

"मी त्याची आत्या आहे!"

"कशातून?"

आत्यानं टेबलाच्या काठावर पडलेला टार्टचा चुरा गोळा केला. "खणातून," ती चुऱ्याला म्हणाली.

सरोजा आंटींनी दोन्ही हात वर केले. "मीपण खणातून. मला वाटलं, खणातले तेवढे माझी मी दिवाळीत भरून काढेन. पण आ रोंगनं 'दिले का' विचारलं ना. पाकीट म्हणजे देणं नव्हे."

"मग पाकीट म्हणजे काय?" मी विचारलं.

तिघींनीही माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी पाणी ओलं का असतं असं विचारलं. "पाकीट म्हणजे शुभ," आत्या म्हणाली. "ते पैसे नव्हेत. त्यात फक्त पैसे असतात."

मला हळूहळू उमगलं. प्रत्येकीनं खणातून चोरून नोटा काढल्या, कारण नियम मोडत होता. प्रत्येकीला वाटलं, मोडणारी मी एकटीच. हिशेबात पैसे कमी आले तेव्हा तिला आपले तेवढे माहीत होते. बाकीचे कुठं गेले ते कळेना, आणि आपले सांगायची सोय नव्हती. म्हणून पो गेओक आंटी उठल्या तेव्हा कुणीही बस म्हणालं नाही.

आणि मी? मी पाच मिनिटं छातीवर हात ठेवून नाव नसलेला माणूस शोधत होतो. हाताखाली शर्टाचा खिसा होता. खिशात त्या दुपारची चार पाकिटं होती. प्रत्येकीनं 'कुणाला सांगू नकोस' म्हणून बजावलं होतं आणि मी इतका आज्ञाधारक की स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"फोडून बघ," आत्या म्हणाली.

"आमच्यासमोर?" सरोजा आंटी किंचाळल्या. देणाऱ्यासमोर पाकीट फोडणं म्हणजे जेवायला वाढणाऱ्यासमोर वरण हुंगून बघणं.

"मग ही कशी सुटणार?" आत्यानं दाराकडे हात केला. दुसरा बूट अर्धा चढला होता. "उद्या हिचंच नाव राहील."

मी म्हणालो, "न्हाणीघरात फोडतो."

न्हाणीघराला कडी लावली. कमोडचं झाकण खाली करून त्यावर पाकिटं मांडली. बाहेर ढिम्म शांतता होती. तीन कान दाराला लागले की एक वेगळीच शांतता होते. पहिल्या पाकिटात चौघड्या घातलेल्या दोनच्या नोटा, दहा. दुसऱ्यात तशाच, दहा. तिसऱ्यात तशाच, तीन. चौथ्यात एकच नोट, दहाची, कोरी करकरीत, बँकेसमोर रांग लावून आणतात तसली, एकही घडी न पडलेली.

दहा, दहा आणि तीन. तेवीस नोटा. तेवीस सोंगट्या.

मी शाळेत गणितात बरा होतो, कॉलेजातही, पण कमोडच्या झाकणावर एखादं उत्तर असं बिनचूक जुळलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मी उलटून पडताळाही घेतला, मुलांना घ्यायला लावतो तसा. पाकिटांचे पैसे आपापल्या खणात परत घातले तर आत्या चार जिंकली होती आणि सरोजा आंटी बारा. रोझलिंड आंटी चौदा हरल्या होत्या आणि पो गेओक आंटी दोन. सोळा गेले, सोळा आले. पाकिटं कुणाकुणाची तेही मला माहीत होतं. तीन नोटांच्या पाकिटावर बँकेचं चिन्ह होतं. चौदा हरत असताना दिलेले सहा, असंही त्याच्याकडे बघता येतं. मी तसं बघितलं.

बाहेर आलो. चौघी उभ्या होत्या, तिघी दाराच्या आत आणि एक जाळीच्या बाहेर.

"तेवीस जुन्या नोटा, चौघड्या घातलेल्या. म्हणजे शेहेचाळीस डॉलर, टेबलावरचे सगळे. आणि एक दहाची कोरी. ती टेबलावरची नाही."

"तेवीस!" आत्या म्हणाली. "जुळलं की गं!"

"कुणी किती दिले?" रोझलिंड आंटींनी विचारलं.

"ते उदाहरणात विचारलेलं नाही."

"आणि जिंकलं कोण?"

"तेही विचारलेलं नाही."

आत्या आणि सरोजा आंटींनी जोरजोरात माना हलवल्या. विचारलेलं नाही, विचारलेलं नाही.

"झालं तर मग," रोझलिंड आंटी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसायला लागल्या. "जुळलं. संपलं."

"संपलं नाही, आंटी," मी म्हणालो. "आमच्याकडे नुसता आकडा काढून भागत नाही. शेवटी उत्तर वाक्यात लिहावं लागतं. नाहीतर गुण कापतात."

"कसलं वाक्य?"

"प्रश्न होता ना, टेबलावरचे पैसे पो गेओक आंटींनी घेतले का? तुम्ही विचारलेला. त्याचं उत्तर."

दाराबाहेरचा बूट थांबला.

रोझलिंड आंटींनी माझ्याकडे बघितलं. जन्मभर खिडकीच्या पलीकडच्या लोकांना 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवलेली बाई ती. "नाही," त्या म्हणाल्या.

"पूर्ण वाक्यात."

"नाही घेतले."

"कुणी?"

"हिनं."

"'हिनं' कोण? तपासणाऱ्याला काय माहीत?"

सरोजा आंटी पंख्याकडे बघून ओठ चावत होत्या. आत्यानं डोळे मिटून घेतले होते, मला वाटतं ती आजोबांना काहीतरी सांगत होती. रोझलिंड आंटींची मान लाल झाली. मग त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि जाळीच्या दोन गजांमधून, खिडकीतून बोलावं तसं, पण ह्या वेळी स्वतः बाहेरच्या बाजूला उभ्या असल्यासारखं, म्हणाल्या, "पो गेओकनं पैसे घेतले नाहीत. मी उगाच म्हणाले."

"दुसरं वाक्य विचारलेलं नव्हतं," मी म्हणालो.

"तू गप रे," पो गेओक आंटी म्हणाल्या.

मग त्यांनी अर्धा चढलेला बूट काढला. मग दुसराही, आणि तो पूर्ण चढलेला असल्यामुळे आणखी वेळ लागला. कुणी मदत केली नाही. त्यांच्या गुडघ्याला मदत केलेली आवडत नाही. आत आल्यावर त्यांनी पिशवीतून चष्म्याची डबी काढली.

"चहा टाक, हुआ," त्या म्हणाल्या. "आणि एक डाव होऊ दे. पण मी माझ्या जागेवर बसणार नाही."

"मग कुठं?"

त्यांनी खुर्ची ओढत नेली आणि ती रोझलिंड आंटींच्या डाव्या हाताला लावली. आत्या उठून निमूट त्यांच्या जागी गेली. सरोजा आंटींनी हळूच "अय्यो" म्हटलं. मला आधी कळलं नाही. आमच्या खेळात ओळ लावायला लागणारी सोंगटी फक्त आपल्या डावीकडचीनं टाकलेली उचलता येते. ती जे टाकेल त्यावर तुमचं पोट.

सोंगट्या खळखळा ढवळल्या, भिंती रचल्या, खणांत नव्यानं साठ-साठ ठेवले. पो गेओक आंटींनी चष्मा पुसला, प्रत्येक सोंगटी टाकायच्या आधी ती बोटानं चाचपून बघितली, मग रोझलिंड आंटींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग दुसरीच टाकली. रोझलिंड आंटी प्रत्येक वेळी मान पुढं काढायच्या, बघायच्या, मागं घ्यायच्या. संध्याकाळ होईपर्यंत त्यांना डावीकडून खाण्याजोगी एकही सोंगटी मिळाली नाही.

"हरलीस का गं?" पो गेओक आंटींनी विचारलं.

"हरले," रोझलिंड आंटी म्हणाल्या.

"पूर्ण वाक्यात," पो गेओक आंटी म्हणाल्या.